पाणी भरताना मारणारा कूलर : यावल तालुक्यातील एका घराचे प्रकरण

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास माझ्या भाचीला कूलरच्या टाकीत नळी सोडताना जोराचा झटका बसला. हात आपोआप मागे आला, नळी खाली पडली आणि भाची ओल्या फरशीवर बसकण मारून बसली. सुदैवाने याहून अधिक काही झाले नाही. घर माझ्या थोरल्या बहिणीचे, गाव यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडचे. सणासाठी लेक-जावई आलेले, दोन लहान मुले अंगणात खेळत होती. मी दुपारी पोहोचलो तेव्हा ताईने सांगितले ते असे : "अरे, तो कूलर मारतेच. चप्पल घालून भरा म्हनून सांगेल हाये मी सगळ्याइले." या वाक्यामुळेच हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले, कारण कूलर मारतो ही गोष्ट त्या घरात मागच्या उन्हाळ्यापासून सर्वांना माहीत होती आणि तिच्याशी जुळवून घेण्याच्या युक्त्याही ठरून गेल्या होत्या.

आधी माझी मर्यादा सांगतो. मी पेशाने फिटर आहे; यंत्र उघडणे, जोडणे आणि बिघाड शोधणे हे रोजचे काम असले तरी घराच्या वायरिंगला हात लावण्याचा परवाना माझ्याकडे नाही. त्यामुळे प्लगच्या अलीकडचे, म्हणजे कूलरचे काम मी आणि भाच्याने केले, तर सॉकेटच्या पलीकडचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्याने ही रेघ आपल्यापुरती पक्की आखून घ्यावी, असे माझे मत आहे.

कूलर आणि घर

कूलर जळगावहून सात वर्षांपूर्वी आणलेला, गॅल्वनाइज्ड पत्र्याचा, 60 लिटर टाकीचा. तीन बाजूंच्या जाळ्यांत गवत, म्हणजे ज्याला आपण गवत म्हणतो तो लाकडाचा लांब, कुरळा कीस. तो मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उभा आहे. घराचा पुढचा भाग जुना धाब्याचा आणि मागच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या स्लॅबच्या. वायरिंगही त्याप्रमाणे दोन वयांचे. कूलरला मूळची तीन तारांची वायर होती, पण टोकाचा थ्री-पिन प्लग कधीतरी जळाल्यावर त्याजागी टू-पिन प्लग आला आणि हिरवी, म्हणजे पत्रा जमिनीशी जोडणारी अर्थची तार कापून टेपमध्ये गुंडाळून ठेवली गेली. हे कोणी केले ते कोणालाच आठवत नव्हते. खेड्यापाड्यांतच काय, शहरांतही अशी कापलेली हिरवी तार इतक्या ठिकाणी दिसते की तिच्याकडे बिघाड म्हणून कोणी पाहतच नाही.

घरातल्यांचे अनुभव मी एकेकाला वेगळे विचारून वहीत उतरवून घेतले. ताई म्हणाली, चप्पल असली की लागत नाही. सूनबाईंचे निरीक्षण अधिक नेमके होते : सकाळी टाकी काठोकाठ भरली की मारतो, दहा वाजल्यानंतर हात लावला तर काहीच होत नाही, आणि दुपारी दोन बादल्या ओतल्या तरीही काही होत नाही. भाचा म्हणाला, प्लग उलटा करून खोचला की झटका थांबतो, आणि म्हणून त्याने मागच्या वर्षीच प्लगच्या एका बाजूला बहिणीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन 'ठिपका वर' असा नियम करून टाकला होता. आदल्या रात्री जावईबापूंनी मोबाइल चार्ज करण्यासाठी तो प्लग काढला आणि नंतर परत खोचला. ठिपक्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता.

दाजींचे म्हणणे होते की जादा प्रवाहावर आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, एमसीबी, पडत नाही, म्हणजे लिकेज नाही, थोडाफार करंट सगळ्याच पत्र्याच्या कूलरना येतो. आणखी एक गोष्ट सर्वांनी एकमुखाने सांगितली : पंपाचे बटण बंद करूनही मारतो, म्हणजे दोष पंपात नाही. याच तर्काने मागच्या उन्हाळ्यात पंख्याची मोटर उतरवून रिवाइंड करून आणली होती आणि त्यात 900 रुपये गेले होते.

आधी प्लग बाहेर

माझे पहिले काम निदानाचे नव्हते. प्लग काढला, वायर गुंडाळून कूलरच्या माथ्यावर सुतळीने बांधली आणि त्या रात्री टेबल फॅनवर काढायचे असे सांगितले. 42-43 अंशांच्या दिवसानंतर हे कोणालाच आवडले नाही. पण मुले घरात असताना नुसते 'हात लावू नका' सांगून भागत नाही, आणि बटण बंद करणे म्हणजे वीज तोडणे नव्हे, हे तर याच प्रकरणात पुढे दिसून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी नेहमीप्रमाणे काठोकाठ भरली, मात्र प्लग बाहेरच ठेवून. कूलरची दोन्ही बटणे बंद ठेवली आणि मल्टीमीटर रोध मोजण्यावर लावून एक टोक पत्र्याच्या खरवडलेल्या जागेवर आणि दुसरे प्लगच्या एकेका पिनेवर धरले. एका पिनेवर काहीच आले नाही. दुसऱ्या पिनेवर सुमारे 6 किलोओहम आले, आणि आकडा एका जागी थांबेना. पाच, सहा, सात असा हलत राहिला. तार पत्र्याला घट्ट टेकली असती तर आकडा शून्याजवळ आणि स्थिर आला असता. हलता आकडा बहुतेक वेळा पाण्यातून जाणाऱ्या वाटेचा असतो, कारण मीटरच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाने धातूच्या टोकांवर बारीक थर बसत जातो आणि रोध बदलत राहतो. मग टाकीच्या तळाची बुचाडी काढून पाणी हळूहळू सोडले. पातळी पाऊण टाकीच्या खाली उतरली आणि मीटरवरचा आकडा गेला. वाट तुटली होती. सूनबाईंचे 'दहा वाजल्यानंतर मारत नाही' हे वाक्य इथे तंतोतंत जुळले. बिघाड टाकीच्या एका ठराविक उंचीवर होता.

हात घालून पाहिल्यावर तो लगेच सापडला. पंपाबरोबर आलेली वायर जेमतेम मीटरभर असते. ती वरच्या बटणापर्यंत पोहोचली नाही म्हणून कोणीतरी तिला दुसऱ्या वायरचा तुकडा पीळ देऊन जोडला होता आणि वरून काळी टेप गुंडाळली होती. हा जोड टाकीच्या आत, पाऊण उंचीवर लोंबत होता. टेपवर क्षारांचा पांढरा थर जमला होता आणि एका तारेवरची टेप सुटून अर्ध्या नखाएवढे हिरवट पडलेले तांबे उघडे होते. दुसऱ्या तारेचा जोड मात्र अजून झाकलेला होता.

आता प्रत्येक निरीक्षणाचा अर्थ लावता आला. उघडी पडलेली तार प्लगच्या एका पिनेशी थेट जोडलेली होती आणि पंपाचे बटण दुसऱ्या तारेत होते. प्लग ज्या बाजूने लागला की उघड्या तारेत फेज, म्हणजे झटका देणारी वीज, येई, त्या बाजूने बटण न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत, पडत असे. बटण बंद केले की पंप थांबायचा, पण फेज टाकीच्या पाण्यात तशीच उभी असायची. 'बटण बंद असूनही मारतो, म्हणून पंप निर्दोष' हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. त्यातली चूक एवढीच की बटण फेजमध्येच आहे असे त्यात गृहीत धरलेले आहे. टू-पिन प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे त्या बटणाबद्दल काहीच गृहीत धरता येत नाही. प्लग उलटा केला की उघड्या तारेत न्यूट्रल येई आणि झटका थांबे. भाच्याचा ठिपका त्या अर्थाने खरोखर काम करत होता, आणि म्हणूनच तो घातक होता : दोष जागच्या जागी राहिला आणि तो झाकणारी खूण नेलपॉलिशची.

झटका किती मोठा होता, याचा अंदाज करता येतो. 230 व्होल्ट, वाटेत पाण्याचा 6,000 ओहम आणि ओल्या हातापायांच्या माणसाचा साधारण 2,000 ओहम धरला तर प्रवाह 29 मिलिअँपिअर होतो. अर्धा-एक मिलिअँपिअर जाणवू लागतो आणि 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता न येण्याची शक्यता असते. भाचीने टाकीचा काठ मुठीत धरलेला नव्हता, बोटांची पाठ लागली होती, हा निव्वळ योगायोग. आणि 29 मिलिअँपिअरने 16 अँपिअरचा एमसीबी पडणार नाही हे उघड आहे. एमसीबी तार जळू नये म्हणून असतो. माणसातून जाणारा प्रवाह त्याच्या हिशेबात येतच नाही. दाजींना हे कागदावर आकडे मांडून दाखवावे लागले, पण एकदा 16 च्या शेजारी 0.029 लिहिल्यावर पुढे बोलावे लागले नाही.

कूलरचे काम

पंप बदलला. जुना चालू होता, पण त्याची वायर कडक होऊन बुडाशी तडकलेली होती आणि 320 रुपयांच्या वस्तूसाठी तिथे टेप लावत बसणे मला पटले नाही. नवा घेताना दुकानात वायरची लांबी पाहून घेतली, म्हणजे टाकीत जोड द्यावाच लागणार नाही. वायर टाकीच्या काठावरून बाहेर काढून वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत कनेक्टरला जोडली. डबीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, जेणेकरून वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल आणि डबीत शिरणार नाही.

मुख्य वायर नवी, तीन तारांची, 1 चौरस मिलिमीटरची घातली. हिरवी तार पत्र्याला लावताना जी कुचराई होते ती रंगावरच स्क्रू आवळण्याची. रंग हा इन्सुलेशनच असतो. म्हणून रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, तारेच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची कडी, दाबला, दातेरी वॉशर घालून नट-बोल्टने आवळला आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस फासले. थ्री-पिन प्लगमध्ये हिरवी तार बाकीच्या दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवली. वायरला कधी ओढ बसली तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटाव्यात आणि अर्थ सर्वांत शेवटी, यासाठी. पंख्याची आणि पंपाची दोन्ही बटणे फेजच्या तारेत घेतली. सॉकेटमध्ये समोरून पाहता अर्थचे मोठे छिद्र वर असेल तर फेज उजवीकडे असायला हवी. ती तशी आहे का, हे वायरमनने नंतर प्रत्येक सॉकेटवर तपासले आणि धाब्याच्या भागातली दोन उलटी निघाली.

हे सगळे झाल्यावर टाकी काठोकाठ भरून, प्लग बाहेर ठेवूनच पुन्हा मोजले. दोन्ही पिनांपासून पत्र्यापर्यंत काहीही आले नाही, आणि हिरव्या तारेच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत 1 ओहमपेक्षा कमी आले. दोन्ही गोष्टी हव्यात. लोक पहिली तपासतात आणि दुसरी विसरतात.

अर्थिंग

इथे दाजींनी विचारले की आता झाले ना सगळे? थ्री-पिन प्लग आला, पंप नवा आला. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. हिरवी तार जागेवर असती तर भाचीला हा झटका बसलाच नसता, अगदी घराचे अर्थिंग, म्हणजे ही तार जमिनीत नेणारा पाइप, वाईट असतानाही. कारण गळती 6,000 ओहममधून होत होती. अर्थिंगचा रोध 140 ओहम, जो वायरमनच्या अर्थ टेस्टरवर नंतर प्रत्यक्षात निघाला, तो धरला तरी पत्र्यावर उरणारा दाब साधारण 5 व्होल्ट. तो कोणाला जाणवतही नाही.

पण पुढचा बिघाड पाण्यातून येईलच असे नाही. पंख्याच्या कंपनाने एखादी तार सोलून पत्र्याला थेट टेकली, तर 230 भागिले 140 म्हणजे जेमतेम दीड अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल, एमसीबीला पत्ता लागणार नाही, आणि कूलरचा पत्रा जवळजवळ पूर्ण 230 व्होल्टवर उभा राहील. एवढेच नव्हे, त्याच अर्थच्या तारेला जोडलेले वॉशिंग मशीन, फ्रिज आणि मिक्सर यांच्या धातूच्या भागांवरही तोच दाब येईल. वाईट अर्थिंगवर थ्री-पिन प्लग लावला की एका यंत्राचा दोष घरभर वाटला जातो.

अर्थिंगचा पाइप परसात, बाथरूमच्या भिंतीमागे होता. तिथली जमीन काळी, पावसाळ्यात चिकट आणि ओली, तेव्हा तिच्यातून वीज सहज जाते. हीच माती उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात कपाशीच्या रानात मनगट जाईल अशा भेगा पडतात, तसेच इथेही झाले होते : पाइपाभोवती चहूबाजूंनी अर्धा बोट रुंद पोकळी पडली होती आणि पाइप मातीला वरच्या हातभर भागात कुठे टेकतच नव्हता. शिवाय तारेचा क्लॅम्प गंजून हाताने फिरत होता. ज्या महिन्यांत कूलर चोवीस तास चालतो त्याच महिन्यांत आपल्याकडचे अर्थिंग सर्वांत दुबळे असते, हा योग खानदेशातल्या प्रत्येक काळ्या मातीच्या गावाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दाजींनी सांगितले की घर बांधले तेव्हा 100 वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून पाहिला होता आणि तो लख्ख लागला होता. ही चाचणी अजूनही सर्रास केली जाते, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. 230 व्होल्टवरच्या 100 वॉट बल्बचा पेटलेला असतानाचा रोध 529 ओहम असतो. अर्थिंग 50 ओहमचे असले तरी बल्बला 210 व्होल्ट मिळतात आणि डोळ्यांना तो पूर्णच लागलेला दिसतो. म्हणजे बल्ब लागला यावरून अर्थिंगची तार कुठेतरी जमिनीला पोहोचली आहे, एवढेच कळते. आणि ती मध्येच तुटलेली असेल तर त्या क्षणी घरातल्या सगळ्या यंत्रांच्या पत्र्यांवर आपण स्वतः बल्बमधून फेज सोडलेली असते. घरी ही चाचणी करू नये.

वायरमनने क्लॅम्प बदलून, पाइपाभोवती माती ठोकून दोन दिवस पाणी सोडल्यावर 31 ओहम मोजले. मग भिंतीपासून दीड मीटरहून अधिक दूर नवा खड्डा घेतला, त्यात 40 मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा गॅल्वनाइज्ड पाइप उभा केला आणि भोवती बेंटोनाइटची, म्हणजे ओल धरून ठेवणारी, चिखलमाती भरली. भारतीय मानक आयएस 3043 मध्ये अशा पाइपासाठी सांगितलेली लांबी किमान अडीच मीटर आहे. जुना पाइप जेमतेम सव्वा मीटर निघाला. दोन्ही पाइप जोडल्यावर 11 ओहम आले. चांगला आकडा. तरीही हिशेब करून पाहा : 230 भागिले 11 म्हणजे सुमारे 21 अँपिअर, आणि 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहावर तासभरही तग धरू शकतो.

म्हणून मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत येतो की नाही, एवढेच तो पाहतो. मधल्यामध्ये 30 मिलिअँपिअर कुठे गळाले की सेकंदाच्या अंशात दोन्ही तारा तोडतो. त्याला चांगल्या अर्थिंगचीही फारशी गरज लागत नाही, अगदी हजार ओहमच्या अर्थिंगवरही 230 मिलिअँपिअर वाहतील आणि तो पडेल. अर्थिंगची अनास्था असलेल्या मुलखात पैशाच्या मानाने सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचारले तर मी हीच सांगेन.

तो बसवल्यावर पहिल्याच मिनिटाला पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. दाजींचा चेहरा 'बघा, फसवले' असा झाला. अनेक घरांत इथेच आरसीसीबी 'खराब' ठरवून काढून टाकला जातो किंवा बाजूने तार काढून निकामी केला जातो. वायरमनने शांतपणे एकेक एमसीबी खाली करून पाहिले आणि वॉशिंग मशीनच्या सॉकेटवर येऊन थांबला. आत न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या तारेने जोडलेले होते. कधीतरी तिथला अर्थ नीट लागत नाही म्हणून कोणी केलेला हा जुगाड. न्यूट्रलचा काही भाग अर्थने परत जात असल्याने आरसीसीबी पडणारच. शिवाय पुरवठ्याचा न्यूट्रल कधी तुटला असता तर मशीनच्या पत्र्यावर थेट फेज आली असती. तो तुकडा काढला आणि आरसीसीबी टिकला. या उपकरणावरचे 'टी' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही हे पाहायचे असते. ते काम भाच्याने अंगावर घेतले आहे.

गारवा

भीती गेली तरी गारवा कमीच होता, ही ताईची मूळ तक्रार. तिचे निदान सोपे होते, म्हणून थोडक्यात लिहितो. एका थर्मामीटरच्या फुग्यावर मलमलची ओली चिंधी गुंडाळून पंख्यासमोर धरली. बाहेर 43 अंश असताना ओल्या थर्मामीटरने 23 दाखवले. या 20 अंशांच्या फरकातला जास्तीत जास्त वाटा कूलरने घ्यायचा असतो. हवा 34 अंशांची बाहेर पडत होती, म्हणजे 20 पैकी फक्त 9 अंश पदरात पडत होते. हा प्रयोग शून्य खर्चाचा आहे, आणि दोष कूलरचा की हवेतल्या दमटपणाचा हे त्यातून लगेच कळते.

गवत क्षारांनी दगडासारखे झाले होते. बोअरच्या पाण्यात लिटरमागे 740 मिलिग्रॅम क्षार निघाले. दिवसाला 90 लिटर पाणी उडून जाते असे धरले तर रोज 66 ग्रॅम क्षार मागे उरतात, दोन महिन्यांत चार किलो. ते गवतात नाही बसणार तर कुठे बसणार? गवत बदलले. वरच्या पन्हळीची छिद्रे बुजली होती, तिच्याजागी भाच्याने शेतातल्या ठिबकच्या 16 मिलिमीटर लॅटरलचा तुकडा वापरला, त्याला दर दोन बोटांवर छिद्र पाडले आणि टोकाला काढता येणारी एंड कॅप लावली, म्हणजे ठिबकच्या नळ्या धुतो तशीच ही नळीही टोक उघडून धुता येते. टाकीतला क्षार लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सैल केला. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड वापरायचे नाही, ते पत्र्यावरचा जस्ताचा थर आधी खाते. खोलीची समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायला सांगितले, कारण दमट झालेली हवा बाहेर गेली नाही तर कूलर खोलीला फक्त घामट करतो. सगळी दारे-खिडक्या लावून कूलरपुढे बसण्याची सवय का पडली असेल हे कळत नाही. दोन दिवसांनी, बाहेर पुन्हा 43 अंश असताना, हवा साडेअठ्ठावीस अंशांची येत होती.

क्षार साचू नयेत म्हणून टाकीतले दहाएक लिटर पाणी रोज सोडून देणे गरजेचे असते, पण यावलसारख्या भागात उन्हाळ्यात पाणी सांडणे जिवावर येते. यावर भाच्याने काढलेली तोड मला माझ्या सगळ्या कामापेक्षा जास्त आवडली. टाकीच्या बुचाडीला लॅटरल जोडून तिचे दुसरे टोक त्याने नव्या अर्थिंगच्या खड्ड्यात सोडले. रोज संध्याकाळी बुचाडी उघडली की कूलरचे खारे पाणी खड्ड्यात जाते आणि ज्या महिन्यांत माती आकसते त्याच महिन्यांत ती ओली राहते. मेअखेर वायरमनने पुन्हा मोजले तेव्हा आकडा 9 ओहम होता. खाऱ्या पाण्याने पाइप थोडा लवकर गंजेल हे खरे, म्हणून क्लॅम्पची जागा दर पावसाळ्यापूर्वी उघडून पाहायची असे ठरले आहे.

एकूण खर्चात आरसीसीबीचे 1,900 आणि नव्या अर्थिंगचे मजुरीसह 4,200 हे मोठे आकडे. कूलरचे सगळे सामान मिळून 800 च्या आत बसले. मोटर रिवाइंड करण्यात गेलेले 900 यात धरलेले नाहीत, दाजींनी ते धरू नका असे सांगितले आहे.

काम अजून पुरे झालेले नाही. मळ्यातल्या खोलीत आणखी एक जुना कूलर आहे, जो रखवालदाराच्या कुटुंबासाठी ठेवलेला आहे. तिथे अर्थिंग मुळातच नाही, सॉकेटच्या अर्थच्या छिद्रामागे तारही नाही. वायरमनने पाइप आणि आरसीसीबी दोन्ही सांगितले आहेत आणि केळीचे पैसे आले की ते काम करायचे ठरले आहे. तोपर्यंत घरातला टेबल फॅन मळ्यात गेला आहे आणि त्या कूलरची वायर गुंडाळून खुंटीला टांगलेली आहे. तिच्या टू-पिन प्लगवरही एक लाल ठिपका आहे.